हसनाबादच्या माथ्यावरचा भडकणारा तारा : लाल बटू ताऱ्यांचे चुंबकीय उद्रेक कसे टिपले जातात?

एप्रिलचा पहिला पंधरवडा आणि रात्रीचे पावणेदहा. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, हसनाबादच्या एखाद्या शेतात बाजेवर उताणं पडून सरळ वर पाहिलं, तर नजर सिंह राशीतल्या विळ्यावर जाते. विळ्याच्या मुठीशी मघा. तिथून पात्याकडे सरकलं की पिवळसर, ठळक असा गॅमा लिओनिस दिसतो, त्याला अल्जिबा असंही म्हणतात. त्याच्या अगदी कुशीत, पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण सहाव्या भागाइतक्या अंतरावर, आणखी एक तारा आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण अल्जिबापेक्षा तो सुमारे नऊशे पट फिका आहे. त्याचं नाव एडी लिओनिस.

दिसायला हे दोघं शेजारी, पण एकमेकांशी त्यांचा काही संबंध नाही. अल्जिबा सव्वाशे प्रकाशवर्षांहून लांब आहे आणि एडी लिओनिस फक्त १६ प्रकाशवर्षांवर. आणि हा जवळचा, फिका तारा शांत नाही. १२ एप्रिल १९८५ रोजी त्याच्यावर असा भडका उडाला की तो विझायला चार तासांहून जास्त वेळ लागला. सूर्यावर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या भडक्यांपेक्षाही त्याची ऊर्जा कितीतरी पटींनी जास्त होती. तारा मात्र सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचाही नाही.

हसनाबादचंच नाव का घेतलं, याला कारण आहे. एखादा तारा नेमका कोणत्या गावाच्या माथ्यावरून जाणार, हे त्या गावाच्या अक्षांशावर ठरतं. एडी लिओनिस खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांना थोडा कमी, आणि हसनाबाद पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २० अंश. म्हणजे भोकरदन, जालना या पट्ट्यात हा तारा जवळजवळ थेट डोक्यावरून जातो. त्याचा फायदा असा की ताऱ्याचा प्रकाश कमीत कमी हवेतून खाली येतो. हवा निळा आणि अतिनील प्रकाश जास्त गिळते, आणि भडक्याची खरी बातमी तर त्याच प्रकाशात असते.

लाल बटू म्हणजे कोण?

आपल्या आकाशगंगेतल्या दर चार ताऱ्यांपैकी जवळपास तीन लाल बटू आहेत. इंग्रजीतलं रेड ड्वार्फ हे नाव आता मराठीतही रुळलं आहे. वस्तुमान सूर्याच्या साधारण ८ ते ६० टक्के, पृष्ठभागाचं तापमान २,५०० ते ३,९०० केल्विन. सूर्याचं सुमारे ५,८०० आहे. इंधन अगदी जपून जाळणारे असल्यामुळे त्यांचं आयुष्य अफाट. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं, पण यांच्यातल्या छोट्यांचं आयुष्य लाखो कोटी वर्षांचं. आजवर एकही लहान लाल बटू म्हातारपणाने मेलेला नाही, तेवढा वेळच अजून झालेला नाही.

एवढे असूनही नुसत्या डोळ्यांनी दिसणारा एकही नाही. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा सेंटॉरी, हा लाल बटूच, पण त्याच्यासाठीही दुर्बीण लागते.

भडका उडतो कसा?

सूर्याच्या पोटात दोन थर आहेत. आतल्या थरात ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने हळूहळू झिरपते, बाहेरच्या थरात वायू उकळत असतो. सूर्याच्या सुमारे ३५ टक्क्यांहून कमी वस्तुमानाच्या लाल बटूंमध्ये हा फरकच नसतो. चुलीवरच्या आधणासारखा अख्खा तारा तळापासून वरपर्यंत ढवळत असतो. विद्युतभारित वायू असा ढवळला आणि वर तारा स्वतःभोवती फिरत असला, की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तारा जितका जोरात फिरेल तितकं ते तगडं. एडी लिओनिस सव्वादोन दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, सूर्याला त्यासाठी पंचवीसेक दिवस लागतात.

या क्षेत्राच्या रेषा पृष्ठभागातून कमानीसारख्या बाहेर येतात. खालचा वायू हलत राहतो, त्यामुळे कमानींची पायथ्याची टोकं सरकतात आणि वरच्या रेषांना पीळ पडत जातो. पीळ एका मर्यादेपलीकडे गेला की रेषा तुटतात आणि नव्या पद्धतीने जुळतात. साठलेली ऊर्जा काही सेकंदांत मोकळी होते. इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने खाली आदळतात आणि तिथला वायू तापून पांढरानिळा होतो. त्या डागाचं तापमान ९,००० ते १०,००० केल्विनपर्यंत जातं. वरच्या कमानींतला वायू तर कोट्यवधी अंशांना पोहोचतो आणि क्ष-किरण फेकतो.

सूर्यावरही हेच घडतं. मग लाल बटूंवरचे भडके एवढे उठून का दिसतात? कारण पार्श्वभूमी मंद आहे. भर उन्हात वेल्डिंगची ठिणगी फारशी जाणवत नाही. तीच ठिणगी निखाऱ्यांच्या उजेडात, अंधाऱ्या खोलीत उडाली तर डोळे दिपतात. ताऱ्याच्या चकतीचा एक टक्काही न व्यापणारा भडका लाल बटूचा निळा-अतिनील प्रकाश कित्येक पटींनी वाढवू शकतो. तांबड्या प्रकाशात मात्र तोच भडका जेमतेम जाणवतो.

आलेखात भडक्याची एक ओळखीची चाल असते: सरळ चढ, मग लांबत जाणारा उतार. चढायला काही सेकंद ते काही मिनिटं, उतरायला अर्धा तास, कधी कित्येक तास. मोठ्या भडक्यांत वाटेत आणखी एखाद-दोन छोटी शिखरंही येतात.

न दिसणारं चुंबक मोजायचं कसं?

ताऱ्यापर्यंत होकायंत्र नेता येत नाही, पण प्रकाश स्वतःच खुणा घेऊन येतो. १८९६ मध्ये पीटर झीमान या डच शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातल्या रेषा रुंदावतात, फाकतात. १९०८ मध्ये जॉर्ज एलरी हेल यांनी हीच खूण सौरडागांत शोधली. सौरडाग चुंबकीय असतात हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

हीच युक्ती १९८५ मध्ये स्टीव्हन सार आणि जेफ्री लिन्स्की यांनी एडी लिओनिसवर वापरली. त्यांना मिळालेला आकडा होता सुमारे ३,८०० गॉस. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आहे. पण खरा धक्का आकड्यापेक्षा त्याच्या पसाऱ्यात होता. मोठ्या सौरडागांतही काही हजार गॉस असतात, मात्र ते सूर्याचा एक टक्काही पृष्ठभाग व्यापत नाहीत. या ताऱ्याचा जवळपास तीन चतुर्थांश पृष्ठभाग अशा क्षेत्राखाली असल्याचा त्यांचा अंदाज होता. म्हणजे इथे सूर्यावर डाग असतात तसे नुसते डाग नाहीत, बहुतेक सगळा ताराच डागाळलेला आहे.

याशिवाय दोन सोप्या खुणा आहेत. तारा फिरताना काळपट डाग समोर येतात आणि मागे जातात, त्यामुळे त्याचा उजेड ठरावीक दिवसांनी किंचित कमीजास्त होतो. त्यावरून फिरण्याचा काळही कळतो आणि डाग किती आहेत हेही. दुसरी खूण वर्णपटात ६५६.३ नॅनोमीटरवर येते. सूर्यासारख्या शांत ताऱ्यात हायड्रोजनची ही रेषा काळी दिसते, उसळत्या लाल बटूत ती चकाकते. रेषा चकाकत असेल तर अशा ताऱ्यांच्या वर्णपटाच्या नावापुढे एक छोटं 'ई' अक्षर लावतात. खगोलशास्त्रज्ञांच्या यादीत हे अक्षर दिसलं की समजावं, गडी तापट आहे.

१९४८ ते १९६३ : यावर विश्वास कोणी ठेवायचा?

तारा काही सेकंदांत उजळतो, ही गोष्ट सुरुवातीला पचनी पडत नव्हती. छायाचित्राच्या काचेवर उमटलेला ठिपका म्हणजे काचेचाच दोष, असं समजून सोडून दिलं जाई. १९४८ मध्ये विलेम लायटन यांनी तिमिंगल तारकासमूहात ८.७ प्रकाशवर्षांवर एक अंधुक जोडी शोधली. तिच्यातला एक तारा पुढे यूव्ही सेटी या नावाने प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये तो अवघ्या २० सेकंदांत ७५ पट उजळला. त्यानंतर अशा सगळ्याच ताऱ्यांना यूव्ही सेटी प्रकारचे तारे म्हणायची पद्धत पडली.

इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकेच्या बर्नार्ड लव्हेल यांनी १९५८ पासून आपली नवी, २५० फूट व्यासाची रेडिओ दुर्बीण या ताऱ्यांकडे वळवली. रेडिओत भडका ऐकू आला, तरी अडचण होती. एखाद्या मोटारीच्या इंजिनाची ठिणगी, लांबची वीज, यांचाही आवाज तसाच येतो. मग ताऱ्याचा कोणता आणि रस्त्यावरचा कोणता? लव्हेल यांनी उपाय केला तो साक्षीदार जोडण्याचा. त्याच रात्री, त्याच वेळी डोळ्यांनी आणि कॅमेऱ्यांनी तारा पाहणारी माणसं दुसरीकडे बसवली. त्यासाठी अमेरिकेच्या स्मिथसोनियन वेधशाळेचे, मुळात कृत्रिम उपग्रहांवर नजर ठेवायला जगभर बसवलेले बेकर-नन कॅमेरे कामी आले. त्या १२ कॅमेऱ्यांच्या जाळ्यातला एक भारतात, नैनीतालला होता. रेडिओचा आणि उजेडाचा भडका घड्याळात जुळला, तेव्हा १९६३ मध्ये लव्हेल, फ्रेड व्हिपल आणि लिओनार्ड सॉलोमन यांनी 'नेचर'मध्ये तो प्रसिद्ध केला. सूर्य सोडून दुसऱ्या एखाद्या साध्या ताऱ्याचा रेडिओ आवाज माणसाने ओळखला, त्याच्या अगदी सुरुवातीच्या घटनांपैकी ही एक.

खोडदच्या तबकड्या आणि वायझेड सेटी

हसनाबादपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद आहे. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, इथेच. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ तबकड्या मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन हातांवर साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात, शेताशेतांमध्ये पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी हिची कल्पना मांडली आणि ती उभी केली. पुण्यातलं एनसीआरए हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र ती चालवतं.

तबकड्यांच्या पृष्ठभागाला पत्रा नाही, तारेची जाळी आहे. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना जाळीची छिद्रं दिसतच नाहीत, आणि वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे एवढा मोठा सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. गेल्या दशकात यंत्रणेचं नूतनीकरण झालं आणि दुर्बिणीला आणखी रुंद पट्ट्यात ऐकू येऊ लागलं.

लव्हेल यांची अडचण इथे दोन गोष्टींनी सुटते. पहिली म्हणजे एकच कान नसून तीस आहेत. तीसही तबकड्यांचे संकेत जुळवले की आकाशाचं चित्र तयार होतं, आणि भडका नेमका ताऱ्याच्या जागी आहे की नाही ते दिसतं. नारायणगावच्या रस्त्यावरची मोटार त्या जागी बसू शकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ताऱ्याच्या लहरींचा पीळ. चुंबकीय भडक्यातून निघालेल्या काही लहरी स्क्रूच्या आट्यांसारख्या एकाच बाजूला गोल फिरत येतात. याला वर्तुळाकार ध्रुवीकरण म्हणतात. आकाशातले बहुतेक रेडिओ स्रोत लांबच्या दीर्घिका असतात आणि त्यांच्या लहरींत असा पीळ जवळपास नसतो. म्हणून फक्त पिळाचं चित्र काढलं, तर दीर्घिका पुसल्या जातात आणि मोजके तारे शिल्लक राहतात.

या लहरींची आणखी एक गंमत आहे, आणि ती सगळ्यात कामाची आहे. चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन एका सुरात आले की ज्या फ्रीक्वेन्सीवर लहरी फेकतात, ती थेट तिथल्या चुंबकीय क्षेत्रावर ठरते. दर एका गॉसला २.८ मेगाहर्ट्झ. म्हणजे आकाशवाणीचं स्टेशन लावावं तशी फ्रीक्वेन्सी पाहायची, २.८ ने भागायचं, की चुंबकीय क्षेत्र हाती. खोडदच्या ५५० ते ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असा आवाज आला, तर जिथून तो निघाला तिथे साधारण २०० ते ३२० गॉसचं क्षेत्र असणार.

अगदी हाच पट्टा वापरून वायझेड सेटी या ताऱ्याचा वेध घेतला गेला. तोही तिमिंगलातला, १२ प्रकाशवर्षांवरचा, सूर्याच्या सुमारे १३ टक्के वस्तुमानाचा. २०१७ मध्ये त्याच्याभोवती तीन ग्रह सापडले. सर्वांत आतला ग्रह ताऱ्यापासून जेमतेम २४ लाख किलोमीटरवर, त्याचं वर्ष फक्त दोन दिवसांचं. इटलीतल्या कॅटानिया वेधशाळेचे कोराडो ट्रिजिलिओ आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीने या ताऱ्याची अनेक दिवसांची निरीक्षणं घेतली. या गटात एनसीआरएशी जोडलेले संशोधकही होते. त्यांना पिळाच्या लहरींचे जोरदार स्पंद मिळाले. २०२३ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की हे स्पंद वाटेल तेव्हा येत नाहीत, आतला ग्रह त्याच्या कक्षेत ठरावीक जागी असतो तेव्हा येतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सेबॅस्टियन पिनेडा आणि जॅकी व्हिलाडसेन यांनी अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून, वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर, याच ताऱ्याबद्दल मिळतीजुळती गोष्ट 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'त छापली होती.

ग्रहामुळे तारा का बोलेल? आपल्याच सूर्यमालेत याचा नमुना आहे. गुरूच्या रेडिओ लहरी १९५५ मध्ये बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांनी पकडल्या. पुढे १९६४ मध्ये लक्षात आलं की गुरूचा हा आवाज आयो या त्याच्या चंद्राच्या जागेवर अवलंबून आहे. आयो गुरूच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना वीजप्रवाह निर्माण करतो आणि गुरूच्या ध्रुवांजवळ लहरी पेटतात. वायझेड सेटीच्या बाबतीत तारा म्हणजे गुरू आणि ग्रह म्हणजे आयो.

बातम्यांनी याचं 'दुसऱ्या पृथ्वीला चुंबकीय कवच सापडलं' असं करून टाकलं. ते घाईचं आहे. लाल बटू ग्रहाशिवायही भडकतात, आणि काही स्पंद योगायोगाने जुळले असतील ही शक्यता मोडून काढायला आणखी कित्येक फेऱ्या ऐकाव्या लागतील. शिवाय तो ग्रह राहण्याजोगा नाही, भाजून निघालेला आहे. पण ज्या पद्धतीने हा प्रश्न विचारता आला, तिचं मोल मोठं आहे. पृथ्वीएवढं, अर्ध्या गॉसचं क्षेत्र असलेला ग्रह स्वतः बोलला, तर त्याची फ्रीक्वेन्सी दीड मेगाहर्ट्झच्या आत राहील. ती आपल्या वातावरणाचा विद्युतभारित थर खाली येऊच देत नाही. जमिनीवरून अशा ग्रहाचं चुंबकत्व जाणून घ्यायचं, तर ताऱ्याच्या तोंडूनच ऐकावं लागतं.

मुंबईत घडलेली क्ष-किरण दुर्बीण

रेडिओ ही भडक्याची एक बाजू. तापलेल्या वायूचे क्ष-किरण पृथ्वीची हवा अडवते, त्यासाठी वर जावं लागतं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची सौम्य क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. ३१ मे २०१७ रोजी ॲस्ट्रोसॅट, अमेरिकेची चंद्रा वेधशाळा आणि हबल, या तिन्हींनी एकाच वेळी प्रॉक्झिमाकडे पाहिलं. एस. ललिता आणि सहकाऱ्यांनी हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. चंद्रा हे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून आलेलं, हे जाताजाता.

एकाच वेळी पाहण्याचा हट्ट लव्हेलच्या काळातलाच, कारण मात्र बदललं. आता शंका भडक्याच्या खरेपणाची नसते. अतिनील प्रकाश खालचा थर दाखवतो, क्ष-किरण वरच्या कमानी दाखवतात, रेडिओ त्यात पळणारे इलेक्ट्रॉन. एकच थर पाहून भडक्याची ताकद ठरवली तर फसगत होते. १ मे २०१९ रोजी प्रॉक्झिमावरच एक भडका उडाला. अतिनील प्रकाशात तारा काही सेकंदांत सुमारे १४,००० पट उजळला आणि सगळा खेळ सात सेकंदांत आटोपला. मेरेडिथ मॅकग्रेगर यांच्या गटाने त्या काळात पाच दुर्बिणी एकत्र लावलेल्या होत्या म्हणून हे कळलं. नुसत्या दृश्य प्रकाशात पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसता.

कुरुंदवाडचे कुलकर्णी आणि भडक्यांचं धुकं

सगळ्याच खगोलशास्त्रज्ञांना हे भडके हवे असतात असं नाही. काहींना ते अडचणीचे वाटतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडमध्ये १९५६ साली जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी अमेरिकेत कॅलटेकमध्ये आकाशातल्या क्षणिक घटनांचा शोध घेतात. ओळख सांगायची तर सुधा मूर्ती यांचे धाकटे बंधू, पण त्यांची खरी ओळख खगोलशास्त्रात आहे. २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला. २००६ मध्ये त्यांनी आणि आर्ने राऊ यांनी एक कोडं सोडवलं. एका खोल आकाश-पाहणीत काही मिनिटांपुरते चमकून नाहीसे झालेले ठिपके सापडले होते. विश्वाच्या टोकाला काहीतरी अपूर्व घडत असावं, अशी आशा होती. त्यांनी त्या जागांचा कसून शोध घेतला, तेव्हा तिथे आपल्याच आकाशगंगेतले अंधुक लाल बटू निघाले. एरवी न दिसणारे, भडकले तेवढे दिसलेले. लांबचं काही पाहायचं असेल तर जवळच्या लाल बटूंच्या भडक्यांचं धुकं आधी बाजूला सारावं लागेल, असं त्यांनी तेव्हाच बजावलं.

तिथल्या ग्रहांचं काय होतं?

सारा जीव अडकला आहे तो इथे. लाल बटू संख्येने सर्वांत जास्त आणि लहान असल्यामुळे त्यांचे ग्रह सापडायलाही सोपे. लडाखमधल्या हान्ले इथली दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण, जी बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवली जाते, २०१६ मध्ये ट्रॅपिस्ट-१ भोवतीचे पहिले ग्रह पक्के करण्याच्या कामात होती. पुढच्या वर्षी तिथल्या ग्रहांची संख्या सात झाली.

पण तारा मंद म्हणून ऊब हवी तर ग्रहाला जवळ बसावं लागतं. प्रॉक्झिमा बी हा ग्रह ताऱ्याभोवती ११.२ दिवसांत फिरतो. पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या भागाइतकाच तो लांब आहे. तिथे पोहोचणारी एकूण ऊब पृथ्वीच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे कागदावर सुसह्य. मात्र शेकोटीच्या एवढं जवळ बसलं की उडणारी प्रत्येक ठिणगी अंगावर येते. अतिनील आणि क्ष-किरणांनी वातावरणाचा वरचा थर फुगतो, सुटतो आणि अवकाशात निघून जातो. मार्च २०१६ मध्ये चिलीतल्या एव्हरीस्कोप या कॅमेऱ्यांच्या संचाने प्रॉक्झिमा ६८ पट उजळलेला पाहिला. क्षणभर तो नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेच्या अगदी जवळ आला होता.

आणखी एक धोका आहे. सूर्यावर मोठ्या भडक्याबरोबर अनेकदा वायूचा मोठा लोटही बाहेर फेकला जातो. लाल बटूंवर असे लोट सुटतात का, की त्यांचं तगडं चुंबकीय क्षेत्रच ते दाबून धरतं, यावर बराच काळ वाद होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपातल्या लोफार रेडिओ दुर्बिणीच्या जुन्या नोंदींतून एका लाल बटूवरून सेकंदाला सुमारे २,४०० किलोमीटर वेगाने सुटलेल्या लोटाची रेडिओ खूण 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. तारा १३० प्रकाशवर्षांच्या आसपास.

उलट बाजूही आहे. जीवनाला लागणारी काही रसायनं तयार व्हायला अतिनील प्रकाश लागतो, आणि मंद लाल बटूंच्या ग्रहांना तो भडक्यांतूनच मिळू शकतो, असं काही संशोधक मानतात. जेम्स वेब दुर्बिणीला २०२३ मध्ये ट्रॅपिस्ट-१ च्या सर्वांत आतल्या दोन ग्रहांवर दाट वातावरण आढळलं नाही. बाहेरच्या ग्रहांचा निकाल लागायचा आहे. त्या कामातही ताऱ्याचे डाग आणि भडके मध्ये येतात, कारण ग्रहाच्या हवेची खूण आणि ताऱ्याच्या डागाची खूण वर्णपटात सहज एकमेकींत मिसळतात.

हसनाबादहून काय पाहता येईल?

आज सगळ्यात जास्त भडके मोजतो तो नासाचा टेस उपग्रह. पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदींतच १,२२८ भडकणारे तारे निघाले, त्यातले ६७३ लाल बटू. पण टेस आकाशाच्या एका भागाकडे काही आठवडे पाहतो आणि पुढे सरकतो. एकाच ताऱ्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायला जमिनीवरची माणसं लागतात आणि त्यात हौशी निरीक्षकांचा वाटा खरा आहे. बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणारी आव्सो ही अमेरिकेतली संस्था जगभरच्या हौशींच्या नोंदी घेते. महाराष्ट्रात आकाशनिरीक्षण शिकायचं तर १९४४ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था हा जुना आणि खात्रीचा पत्ता आहे.

एडी लिओनिस तीन इंची दुर्बिणीतही दिसतो, पण नुसत्या डोळ्यांनी त्याचा भडका ओळखणं कठीण, कारण डोळ्याला जाणवणाऱ्या प्रकाशात तो सहसा थोडाच उजळतो. सहा-आठ इंची दुर्बीण, तिला जोडलेला कॅमेरा आणि निळा फिल्टर असेल तर गोष्ट वेगळी. अल्जिबाचा झगमगाट चौकटीबाहेर ठेवायचा, दुसऱ्या बाजूचा एखादा शांत तारा तुलनेला धरायचा आणि १५ ते ३० सेकंदांचं एक अशी चित्रं तासन्‌तास घेत राहायची. दोन्ही तारे एकदम मंदावले तर ढग. एकाच चित्रात चमक आली आणि पुढच्या चित्रात गायब, तर बहुधा उपग्रह. फक्त आपलाच तारा झटक्यात चढला आणि सावकाश उतरला, तर वेळ लिहून ठेवायची. मोबाइलचं घड्याळ नेटवर्कशी जुळलेलं आहे ना, हे आधी पाहायचं. सेकंदाचा हिशेब चुकला तर ती नोंद दुसऱ्या दुर्बिणीच्या नोंदीशी जुळवता येत नाही.

प्रॉक्झिमा मात्र इथून अवघड आहे. मेअखेर रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला नरतुरंगातले मित्र आणि मित्रक क्षितिजालगत दिसतात, त्यांच्याच परिसरात तो असतो. हसनाबादच्या क्षितिजापासून तो जास्तीत जास्त सात अंश वर येतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढाही नाही. उन्हाळ्याच्या धुरळ्यात तो मिळाला तर नशीब. जून ते सप्टेंबर पाऊस, मग बंदच.

नोव्हेंबरअखेर मात्र आकाश धुतल्यासारखं होतं. रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला, निम्म्याहून थोडं अधिक उंचीवर, तिमिंगलातला टाऊ सेटी हा बेताचा तारा नुसत्या डोळ्यांनी सापडतो. त्याच्यापासून दोनेक अंशांवर, तेराव्या प्रतीचा अंधुक ठिपका म्हणजे १९५२ साली २० सेकंदांत ७५ पट उजळलेला यूव्ही सेटी. त्यासाठी आठ इंची दुर्बीण, अमावास्येच्या आसपासची रात्र आणि शेतातला दिवा बंद ठेवायला तयार असलेला शेजारी लागतो.